बाईंची तारीख

बाई,

इथे माझं नाव कुणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळीकडे आधी जन्मतारीख विचारतात. डॉक्टरकडे फोन केला की जन्मतारीख. औषधाच्या दुकानात जन्मतारीख. गेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तिथे मी पासपोर्ट पुढे सरकवते तरी काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरची नजर न काढता विचारते, जन्मतारीख? मी सांगते, तेरा जानेवारी, पुढे साल. ती मान हलवते, म्हणजे मी सापडले. पहिल्या हिवाळ्यात मला खोकला धरला होता. तेव्हाचा एक शनिवार-रविवार असा गेला की जिवंत माणसाशी मी बोलले ते एवढंच. औषधवालीने बाटली कागदी पिशवीत घातली, दिवस छान जावो म्हणाली, आणि मी सायकल काढून घरी आले. वाऱ्यात डोळ्यांना पाणी येत होतं. तेव्हा मनात आलं की इतक्या लांबच्या देशात मी ज्या एका गोष्टीने ओळखली जाते, ती माझ्या आईबापांनी दिलेली नाही, ती तुम्ही दिलेली आहे.

ती गोष्ट आईकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती मलाच आठवते असं वाटतं. शाळेच्या व्हरांड्याची फरशी, टेबलाशी हेडगुरुजी, शेजारच्या खुर्चीवर तुम्ही. आईचा पदर माझ्या मुठीत. हेडगुरुजी विचारतात, जन्म कधीचा? आई म्हणते, काय की. गुरुजी तुमच्याकडे न बघता सांगतात, "एक जून टाका." आमच्या गावात सगळेच एक जूनचे. माझे वडील एक जूनचे, दोन्ही काका एक जूनचे, सरपंचसुद्धा. शाळा जूनमध्ये उघडते, वय नेमकं बसतं, गुरुजींचं काम उरकतं. तुम्ही पेन उचललंत आणि खाली ठेवलंत. "अहो गुरुजी, मुलगी काय एक जूनला ठरवून जन्माला येते? गावातल्या बायांना सगळ्यांना एकाच दिवशी कळा लागतात की काय?" गुरुजी हसले, बाहेर रांगेतली माणसं हसली. आई तेवढी हसली नाही, ती घाबरली होती. मग तुम्ही तिला बाकावर बसवलंत आणि विचारत राहिलात. थंडी होती का? होती. घरी होतीस का? न्हाई, कारखान्याला. उसाच्या फडात? व्हय, पाचटाच्या कोपीत. त्या दिवशी काय रांधलं होतंस ते आठवतं का? यावर आई चटकन म्हणाली, "भोगीची भाजी चुलीवर व्हती. ती उतरायच्या आत ही झाली."

तुम्ही म्हणालात, झालं की मग. भोगी म्हणजे तेरा जानेवारी. साल आईने मुकादम बदलला त्या हंगामावरून सांगितलं, ते तुम्ही बोटांवर मोजलंत. तेरा जानेवारी माझ्या नावापुढे लागली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, हे सगळे सांगतात. पण घरात स्वतःची जन्मतारीख असलेलीही मी पहिली, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी नेदरलँडमध्ये आहे, बाई. तुम्ही नकाशावर काठी ठेवून दाखवलेल्या देशांत हा नव्हता, इतका तो लहान आहे. इथे पाण्याचं शिकायला आले. शिकून झाल्यावर नोकरी लागली. ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात, काचेच्या उंच इमारतीत. काम असं की सखल जमिनीतलं पाणी उपसणारे पंप कधी चालू व्हावेत, कधी थांबावेत, हे ठरवणारा प्रोग्राम आम्ही काही जण मिळून लिहितो. राहायला हूफडॉर्पला. मी जिथे राहते तिथे पूर्वी मोठं तळं होतं. ते उपसून लोकांनी जमीन काढली, आणि ती समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आपल्या गावातला टँकर आठवला, त्याच्यामागे धावणाऱ्या घागरी आठवल्या, आणि देवाने वाटणी करताना डोळे मिटले होते का असं वाटलं. मी ठरवलंच होतं की इथलं सगळं शिकायचं आणि परत जायचं. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तसंच सांगितलं होतं. ते मी मनापासून सांगितलं होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे त्याचीच गोष्ट आहे.

राहायला लागल्यावर मात्र पाण्याचं काही आठवेना. आठवायची ती माणसं. इथे वाईट कुणी वागत नाही. सगळे हसून बोलतात, वेळेवर येतात, वेळेवर जातात. दुपारी बारा वाजता सगळे डब्यातून पावाचे दोन तुकडे आणि मधे चीज काढतात, जेवण म्हणून तेवढंच खातात आणि पुन्हा कामाला लागतात. मी भाजी-पोळी उघडली की वास छान येतोय म्हणतात, आणि घास देऊ केला की नको नको करून मागे सरतात. कुणाला म्हटलं, या एकदा घरी, तर खरोखर फोन काढून तारीख बघतात आणि तीन आठवड्यांनंतरची सांगतात. तोवर मला काय सांगायचं होतं ते मीच विसरलेली असते. संध्याकाळी मी घरी येते. इथे लोक खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत. पिवळा दिवा, टेबल, पुस्तकांचं कपाट, जेवणारी माणसं, सगळं रस्त्यावरून दिसतं. मी सायकल हळू करते. शेवटी मला माझीच लाज वाटते आणि मी जोरात पेडल मारते.

अशा वेळी तुमचं घर आठवतं. दसरा झाला की ट्रक यायचे, आईवडील भावाला घेऊन कारखान्याला जायचे ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. दुसरीत होते तेव्हा आई तुमच्याकडे येऊन म्हणाली होती, "बाई, हिला ठिवून घ्या. नाहीतर हिची शाळा जाती." तुम्ही ठेवून घेतलंत. दोन खोल्या, रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीत लावलेलं आणि आमच्या हवेत कधी न वाढलेलं ओव्याचं रोप. तुम्ही कोकणातल्या. बदली होऊन आमच्या डोंगराच्या गावात आलेल्या. तुम्ही आमटीत नारळ घालायचात, भाजीत नारळ घालायचात, आणि नारळ तालुक्याच्या बाजारातून आणायचात म्हणून गावातल्या बाया हसायच्या. "बाई, तुमच्याकडं च्यातबी नारळ घालत्यात म्हने?" तुम्ही म्हणायचात, "घालतो ना. पिऊन बघ, नवरा सोडून कोकणात येशील." सगळ्या खिदळायच्या. मला वाटायचं तुम्हाला किती मजा येते आमच्या गावात. दर भोगीला तुम्ही माझ्यासाठी नारळाच्या वड्या करायचात. गावात तीळ-बाजरीचा सण, आणि आपल्या घरात पांढऱ्याशुभ्र वड्या.

यंदाच्या संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले. आदल्या दिवशी माझा वाढदिवस होऊन गेला होता. तो इथे कुणाला माहीत नव्हता आणि मी कुणाला सांगितलाही नव्हता. आपणहून काय सांगायचं? आईचा फोन आला होता, तिने भोगीची भाजी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली होती, तेवढंच. लाडू घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. त्या एकट्याच राहतात. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारते, कारण त्यांनीच तसं बजावलं आहे, पण मनात त्या आजी. तोवर आमची ओळख म्हणजे माझी पार्सलं त्या घेऊन ठेवायच्या आणि त्यांचं जड सामान मी वर-खाली करायची. ऑफिसातून आले, साडी नेसले, केसांत काही माळायला नव्हतं म्हणून कानात झुमके घातले आणि संध्याकाळी सहा वाजता बेल वाजवली. गोड खा, गोड बोला, हे डचमध्ये पाठ केलं होतं. आजींनी दार उघडलं. आतून उकडलेल्या बटाट्याचा वास आला. मी वाक्य म्हटलं, लाडू पुढे केले. त्या म्हणाल्या, "अरे वा, किती छान. पण मी आता जेवते आहे." आणि हसून दार लावून घेतलं.

जिन्यात मी उभी राहिले, बाई. त्या जेवत होत्या म्हणून दार लागलं, हे माझ्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे जेवताना कुणी आलं तर पानं वाढतात. तुमच्या घरी पोस्टमन जेवून गेला आहे. वर येऊन साडीची पिन काढताना ती बोटात गेली, आणि निमित्त मिळालं म्हणून मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली होती. शनिवारी साडेदहाला कॉफी, जमेल का? मी गेले. आजींनी सांगितलं की सहा ही जेवायची वेळ असते, तेव्हा कुणी कुणाकडे जात नाही. हे त्यांनी रागाने नाही, रस्ता दाखवावा तसं सांगितलं. लाडू दातांना कठीण गेला म्हणून त्यांनी तो कॉफीत बुडवून खाल्ला होता आणि तो चांगला लागला होता. मग त्यांनी विचारलं, तुझा वाढदिवस कधी असतो? म्हटलं, याच आठवड्यात झाला, तेराला. त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. "विचारणार कसं? ज्याचा वाढदिवस त्याने सांगायचं. केक त्याने आणायचा. लोकांनी काय तुझ्या कपाळावर वाचायचं?" इतकं कुणी मला इथे रागावलं नव्हतं. मला बरं वाटलं. पुढच्या शनिवारीही मी गेले, त्याच्या पुढच्याही.

आणि मग मार्चमध्ये एकदा कॉफी पिता पिता मी त्यांच्या संडासात गेले, आणि समोर भिंतीवर माझं नाव. लांबट कॅलेंडर, फुलांची चित्रं, प्रत्येक महिन्याच्या तारखांपुढे नावं. जानेवारीचं पान कुणीतरी चाळून तसंच वर ठेवलं होतं, आणि तेरापुढे निळ्या शाईत, इथल्या स्पेलिंगमध्ये, माझं नाव होतं. बाई, तुम्ही मला अक्षर शिकवताना पाटीला पाय लागला तर पाटी कपाळाला लावायला लावलीत. कागदावर पाय पडला तरी मी आजही नमस्कार करते. त्या तारखेला मी काय समजते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती अशा जागी लटकलेली बघून माझे कान तापले. मी बाहेर आले, काम आहे म्हटलं आणि वर निघून गेले. पुढचे कितीतरी शनिवार मी गेले नाही. चिठ्ठी आली की उलट चिठ्ठी टाकायची, या आठवड्यात जमत नाही. मला वाटत होतं मी माझा मान राखते आहे.

ऑफिसात पुण्याची एक जण आहे, वयाने मोठी, तिला मी ताई म्हणते. ती नवरा आणि मुलासह ऑफिसजवळच बुइटनव्हेल्डर्टला राहते. एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. आमटी-भात समोर होता, तोंड मोकळं झालं आणि मी सांगून टाकलं. "ताई, त्यांनी माझं नाव संडासात लावलंय गं." ताईच्या हातातला डाव आमटीत पडला. ती इतकी हसली की तिचा नवरा बाहेरच्या खोलीतून बघायला आला. "अरे देवा! अगं वेडे, इथे वाढदिवसांचं कॅलेंडर तिथेच असतं. प्रत्येक डच घरात. घरातली आणि जिवाभावाची माणसं फक्त. आम्ही इतकी वर्षं आहोत इथे, आमच्या शेजारच्यांच्या संडासात आमचं नाव अजून लागलेलं नाही. आणि तू लागलेलं नाव घेऊन रुसून बसलीस?" तिचा मुलगा पोळीचा तुकडा मोडत बसला होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो डच. त्याने मान वर करून विचारलं, मग दुसरीकडे कुठे लावणार? ताई म्हणाली, घ्या, आता याला समजवा. मी भात खाल्ला, पण त्याची चव कळली नाही.

एप्रिलमध्ये आजींचा वाढदिवस होता. चिठ्ठी आली तेव्हा जमतं म्हणून कळवलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी. मी आत शिरले तर त्यांच्या मुलाने उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, अभिनंदन. मी म्हटलं, माझा नाही, तुमच्या आईचा वाढदिवस आहे. तो म्हणाला, हो, म्हणूनच. मग सून म्हणाली अभिनंदन, मैत्रिणी म्हणाल्या अभिनंदन, त्या एकमेकींनाही म्हणाल्या. इथे ज्याचा वाढदिवस त्याचं तर करतातच, पण त्याच्या माणसांचंही करतात. ते माणूस तुम्हाला लाभलं, त्याबद्दल. सगळी गोलात बसून केक खात होती, आणि मला त्या क्षणी उठून जावंसं वाटलं, कारण इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता.

त्या दिवशी मी ते कॅलेंडर नीट बघितलं. त्यात वार नसतात, फक्त तारखा, म्हणजे ते कोणत्याही वर्षी चालतं. काही नावांपुढे बारीक फुली होती. बाहेर येऊन मी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते गेले. एक माझा नवरा, एक बहीण." मी विचारलं, मग नावं तशीच? त्या जरा चकितच झाल्या. "वाढदिवस थोडाच मरतो? रोज तिथे बसायचं, दुसरं करायला काही नसतं. माणूस वाचतो, कुणी राहून जात नाही." मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या कॅलेंडरमध्ये कोण कोण आहे? मी म्हटलं, माझ्याकडे नाही. "नाही?" त्यांना ते खरं वाटेना.

आता खरी गोष्ट, बाई. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं आहे. टीमच्या प्रमुखाने कायमची नोकरी देऊ केली आहे आणि सोमवारपर्यंत सांग म्हणाला आहे. मी नाही म्हणणार होते. ईमेल लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत होतं आणि फार चांगलं झालं होतं. माझ्या गावाला माझी गरज आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह उभं करायचं आहे, तिथे बारमाही पाण्याची सोय करायची आहे. इथे जे शिकले ते त्यांचं देणं आहे. ताईला वाचून दाखवलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आम्ही बोलतो आणि राहतो, तू खरंच जातेस. मला स्वतःचा अभिमान वाटला. आईला फोन केला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "यायलीस तर ये. घर तुझंच हाय. पन आमच्यासाठी नको येऊस. आमचं चाललंय. तुला काय व्हायलंय ते सांग." म्हटलं, काही नाही गं. तिने नेहमीचं विचारलं, जेवलीस का, आणि फोन ठेवला.

तो फोन ठेवल्यावर तुमच्या खोलीचं दार समोर आलं. तिसरीत आहे मी. रविवार, दिवेलागण. मी दप्तरात फ्रॉक कोंबून उंबऱ्यावर बसले आहे, कारण मुकादमाचा ट्रॅक्टर येणार आणि तो मला फडावर घेऊन जाईल असं मी ठरवलं आहे. तुम्ही विचारता, काय गो, कुठे निघालीस? मी म्हणते, "आईला माझी गरज हाय. भाऊ बारका हाय. त्याला सांभाळायला कोन न्हाई." तुम्ही शेजारी बसत नाही, उभ्याच राहता. तुमचा आवाज वर्गातला होतो. "आईला गरज आहे म्हणून जातेस, की तुला इथे करमत नाही म्हणून?" मी दप्तराचा बंद ओढते. "करमत नसेल तर करमत नाही म्हण. त्यात लाज कसली? पण आपल्याला करमत नाही त्याला दुसऱ्याच्या गरजेचं नाव देऊ नकोस. उद्या आई विचारेल, माझ्यासाठी शाळा सोडलीस का, तेव्हा ती बिचारी काय उत्तर देईल?" शेवटी मी म्हणते, न्हाई करमत. तुमचा आवाज पुन्हा घरातला होतो. तुम्ही म्हणता, "मलाही नाही करमत. चल, कणीक मळ."

ते शेवटचं वाक्य तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. कानावर पडलं होतं, पण मोठ्यांना करमत नाही असं असतं हे मला माहीत नव्हतं. तुमच्यावर हसणाऱ्या बाया, न वाढणारा ओवा, तालुक्याहून आणलेला नारळ, सुट्टीच्या दिवशी तीनदा झाडलेली खोली, हे सगळं इथे या देशात येईपर्यंत मला दिसलं नाही. तुम्ही मला ठेवून घेतलंत ते माझ्या शाळेसाठी, हे खरंच. पण थोडं तुमच्यासाठीही होतं का? असलं तर मला फार आवडेल. विचारायला तुम्ही नाहीत. मी नववीत असताना तुमची पुन्हा बदली झाली, आणि दहावीच्या हिवाळ्यात तुम्ही गेल्याचं शाळेत कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते कोकणात होऊनही गेलं होतं.

वसतिगृह करायचं आहे हे खोटं नाही. मी ते करेन. पण ज्या दिवशी निघेन त्या दिवशी त्याच्यासाठीच निघेन, खिडक्यांमधली जेवणारी माणसं बघवत नाहीत म्हणून नाही. ते ईमेल मी पुसून टाकलं. शनिवारी खाली आजींकडे गेले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं की मला इथे फार एकटं वाटतं. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. तसं इथे करत नाहीत. त्यांनी चष्मा लावला, डायरी उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी मला काही नाही. सहा वाजता ये. जेवायला." सहा वाजता, बाई.

तिथून निघाले ती सरळ बाजारात गेले आणि कॅलेंडर विकत घेतलं. पक्ष्यांची चित्रं आहेत. लावलं कुठे ते सांगत नाही. इथे राहायचं तर इथल्यासारखं लावलं, एवढं समजून घ्या, आणि माफ करा. आईचं नाव घालायला गेले तर तिची एक जून, वडिलांची एक जून, भावाची तेवढी तुम्हीच शोधून दिलेली होती. आजींची घातली, ताईच्या मुलाची घातली. मग तुमचं नाव लिहायला पेन उचललं, आणि तुमची जन्मतारीख मला माहीत नाही. दर भोगीला तुम्ही वड्या थापायचात, आणि तुमचा असा दिवस कधी येऊन जायचा, कोण जाणे. तुम्हीही आपणहून सांगणाऱ्यातल्या नव्हतात.

आज एकतीस मे, रविवार. बाहेर अजून लख्ख ऊन आहे. ओट्यावर ताटात वड्या थंड होत आहेत. नारळ इथे दुकानात किसलेला, गोठवलेला मिळतो, त्याला पाणी सुटलं आणि वड्या जरा मऊच राहिल्या. तुमच्यासारख्या सुटत नाहीत. उद्या त्या ऑफिसात नेणार आहे. आधी प्रमुखाला सांगेन की मी राहते. मग डबा टेबलावर ठेवेन आणि आपणहून सांगेन, आज माझ्या बाईंचा वाढदिवस आहे. ते सगळे उठतील आणि माझा हात हातात घेऊन माझं अभिनंदन करतील.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथेच राहील. तुमच्या नावापुढे बारीक फुली केली आहे. आणि तारीख मी ठोकून दिली आहे. आमच्या गावासारखी, एक जून. हे ऑफिसात कुणाला सांगणार नाही, तुम्हाला तेवढं सांगितलं.